भीती पुसली जाते की झाकली जाते?

कुत्रा चावलेल्या माणसाला मानसोपचारात हळूहळू शांत कुत्र्यांजवळ नेतात. भीती ओसरते. ती का ओसरते, याचे गणित रेस्कोर्ला आणि वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांच्या १९७२ च्या सूत्रात सापडते: अपेक्षा आणि अनुभव यांतली तफावत जितकी मोठी, तितके शिकणे जास्त. चावा बसेल असे वाटते, बसत नाही, आणि धास्ती दर भेटीत थोडी उतरते.

सूत्र देखणे, पण अपुरे. त्याप्रमाणे भीती कायमची पुसली जायला हवी. प्रत्यक्षात ती पुष्कळदा परतते. विझलेली प्रतिक्रिया परतताना पावलॉव्हलाही दिसली होती. सॅम्युएल गर्शमन आणि याएल निव्ह यांच्या संगणकीय मॉडेलमध्ये मेंदू जुनी नोंद खोडत नाही; परिस्थिती निराळी समजून नवे खाते उघडतो. परिस्थिती बदलली की जुनी नोंद पुन्हा जागी होऊ शकते; म्हणूनच कुत्र्यांजवळ जाण्याचा हा सराव एकाच खोलीत, एकाच कुत्र्यासोबत उरकू नये.