बोगद्यातली माणसं

गाडी कसाऱ्याला उभी आहे. मागून बँकर इंजिन लागतंय. त्याचा धक्का डब्याडब्यातून पुढे येतो आणि सातवीची पोरं एका सुरात ओरडतात. शाळेची सहल नाशिकला निघाली आहे, पण पंचवटीपेक्षा सगळ्यांना ओढ घाटातल्या अंधाराची.

"सर, म्हातारी दिसंल का?"

कसारा घाटात मुंडकं नसलेली म्हातारी झाडावर बसते, ही गोष्ट इथल्या पोरांना पाठ आहे. आता ती मोबाइलवरही फिरते.

गाडी हलते. चढ १:३७चा, भोर घाटाइतकाच. सदतीस पावलं पुढे गेलं की एक पाऊल वर. इगतपुरीपर्यंतच्या सुमारे १५ किलोमीटरांत गाडी जवळपास ३०० मीटर चढते, म्हणून पुढचं इंजिन एकटं पुरत नाही, मागून रेटा लागतो. पहिला बोगदा येतो. काळोख, चाकांचा घुमणारा आवाज, किंकाळ्या. एका मुलीने बाईंचा पदर घट्ट धरला आहे. उजेड येतो आणि सगळे हसायला लागतात.

सर उभे राहतात. "हा बोगदा कुणी खोदला?"

"इंग्रजांनी!"

"भोकं पाडून त्यात दारू ठासायला इंग्रज उतरले होते?"

डबा गप्प होतो. सर सांगू लागतात. हा मार्ग १ जानेवारी १८६५ला सुरू झाला. डायनामाइटचं पेटंट १८६७चं, म्हणजे इथला कातळ फुटला तो साध्या दारूने. हातात पहार आणि घण. सह्याद्रीच्या घाटांत रेल्वे चढवताना माणसं स्फोटात गेली, कड्यावरून पडून गेली, आणि पटकीने तर तळच्या तळ रिकामे झाले. एकट्या भोर घाटात सुमारे २५ हजार माणसं दगावली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

"आपल्याकडचे पण होते का, सर?" म्हातारीबद्दल विचारणारा मघाचाच मुलगा. आवाज उतरलेला.

"असतील. पुस्तकात त्यांची नावं नाहीत."

पुढच्या बोगद्यात कुणी ओरडत नाही. एक पोरगा खिडकीच्या गजांना नाक लावून, दिव्याच्या उजेडात मागे सरणारा ओबडधोबड कातळ बघतोय. एहेगावच्या उंच पुलावर खालची दरी दिसते तेव्हा दोघीतिघी नकळत आत सरकतात. मग सर उतरणीकडची चढती आडवाट दाखवतात. ती कॅच सायडिंग. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक लागेनासे झाले तर ती चढावर जाऊन थांबावी, म्हणून सांधा आधीच तिकडे लावलेला असतो. गाडीने थांबून दाखवलं, की मगच तिला मुख्य रूळ मिळतो. हे ऐकताना पोरांचे डोळे म्हातारीच्या गोष्टीच्या वेळेपेक्षा मोठे झालेले मी बघतो.

मुलांना भीती हवीच असते, आणि त्यासाठी त्यांना रागावण्यात अर्थ नाही. पण ज्या अंधारात खरी माणसं मेली, तिथे त्यांना खोटी म्हातारी दाखवून आणणं हा त्या मजुरांवर अन्याय आहे. या सरांनी तो होऊ दिला नाही.

इगतपुरीला बँकर सुटतो. मुलं उतरून मागे धावतात, ते इंजिन जवळून बघायला.

कसाऱ्याहून वर सहल नेणाऱ्या शिक्षकांना एवढीच विनंती: पहिला बोगदा यायच्या आत मुलांना विचारा, हा कुणी खोदला?