खडूचं हृदय

रक्ताभिसरणाची आकृती मुलं सुबक काढतात, बाणही चुकत नाहीत. पण ‘फुप्फुसातून निघालेलं रक्त परस्पर पायाकडे का जात नाही? पुन्हा हृदयात कशाला येतं?’ असं विचारलं की वर्ग गप्प. हीच आकृती एकदा चालून पाहावी.

व्हरांड्यात खडूने मोठा चौकोन आखून चार कप्पे करा: वर दोन अलिंदं, खाली दोन निलयं. एका टोकाला फुप्फुसं, दुसऱ्या टोकाला मेंदू, पोट, पाय. फुप्फुसांपाशी बाटल्यांची झाकणं ठेवा, हा ऑक्सिजन. अवयवांपाशी चिंचोके, हा कार्बन डायऑक्साइड. मुलांच्या चार जोड्या झडपा होतील, एक जण थाळी वाजवेल, उरलेले सगळे रक्त. संवाद पाठ करायचे नाहीत, नियम तेवढे पाळायचे.

थाळीचा पहिला ठोका पडला की अलिंद-निलयांमधल्या झडपा टाळी देऊन मिटतात: लब! निलयांतली मुलं बाहेर धावतात. दुसऱ्या ठोक्याला बाहेरच्या झडपा मिटतात: डब! अलिंदांतली मुलं खाली उतरतात. छातीतला आवाज झडपा मिटण्याचा, हे इथे हातांनीच कळतं.

पहिल्या फेरीत बहुधा घोटाळा होतो. उजवीकडची मुलं निघतात, डावीकडची आपल्या पाळीची वाट बघतात. तिथेच खेळ थांबवा. निलयं आळीपाळीने नाही, एकदमच आकुंचन पावतात.

फुप्फुसांतली वाट दोन बाकांमधून, एकेकालाच जाता येईल अशी ठेवा. धावत आलेली मुलं तिथे रेंगाळतात. रक्ताचंही तसंच होतं: केशवाहिन्यांतून जाताना त्याचा जोर ओसरतो. पायापर्यंत पोहोचायला नवा धक्का हवा, म्हणून ते हृदयाकडे परततं. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर आता मुलंच देतील.

मग फळ्यावर हिशेब मांडा. एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला सुमारे ७० ठोके, म्हणजे जवळपास ५ लिटर. मोठ्या माणसाच्या अंगात रक्तही साधारण तेवढंच. मग दर मिनिटाला नवं रक्त येणार कुठून? विल्यम हार्वी यांनी १६२८च्या ग्रंथात अशाच हिशेबाने दाखवलं की तेच रक्त फिरत राहतं.

शेवटची पाच मिनिटं एका प्रश्नासाठी राखा: ‘खेळात खोटं काय होतं?’ खडूची रेघ आकसत नाही, हे कुणीतरी सांगेलच. झाकणांचं मात्र तुम्ही सांगा. मुलं पायापाशी सगळी झाकणं देऊन टाकतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचं रक्त मात्र चारांतली जवळपास तीन परत घेऊन येतं.