रेडिओवर जगलिंग

सोलापूरच्या पूर्वभागात दुपारी घरात बसून सिनेमा बघायचा, तर संवादांवर पाणी सोडावं लागतं. भिंतीपलीकडे यंत्रमाग चालू असतात. थिएटरातले निवृत्त ऑपरेटरमामा मला सहज म्हणाले होते, "बस्टर कीटनचे बोलपट आम्ही मुकेच बघतो." तेवढ्यासाठी गेलो.

एमजीएमने १९३३ साली कीटनला काढून टाकलं. मूकपटांत कीर्ती मिळवलेला हा माणूस मग 'एज्युकेशनल पिक्चर्स'कडे गेला. तिथे १९३४ ते ३७ या काळात त्याने सोळा छोटे बोलपट केले, पुढे कोलंबियासाठी दहा. बहुतेक दोन रिळांचे, काटकसरीत उरकलेले. त्याच्यावर लिहिणारेही हा काळ तसाच उरकतात.

"हजार फुटांचं रीळ, सर. अकरा मिनिटं," मामा म्हणाले. बोलताना नजर टीव्हीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात. रीळ संपत आलं की तिथे ठिपका चमकायचा, आणि दुसरं मशीन सुरू करायचं. ती खोड अजून गेलेली नाही.

'ग्रँड स्लॅम ऑपेरा' (१९३६) लावला. कथा लिहिण्यात स्वतः कीटनचा हात. हौशी कलाकारांच्या रेडिओ कार्यक्रमात हा पठ्ठ्या जातो आणि मायक्रोफोनसमोर करतो काय, तर जगलिंग! ऐकणाऱ्याला त्यातलं काय कळणार? बोलपटाच्या जमान्यात स्वतःची झालेली गत त्याने इतक्या निर्विकार चेहऱ्याने मांडली आहे की मला हसू जरा उशिराच आलं. दारात कांड्या घेऊन थांबलेला मागावरचा पोरगा मात्र आधीच हसत होता. खोलीतल्या नाचापर्यंत तो रेंगाळला. कीटन फर्निचरवर चढून नाचतो, खालच्या मजल्यावरची मुलगी वैतागते. चेहऱ्यावरची रेष हलत नाही, सगळा अभिनय गुडघ्यांत आणि पावलांत. चाळिशी गाठलेला माणूस आहे हा! तेवढ्यात आतून हाक आली, पोरगा पळाला.

मग कोलंबियाचा एक लावला, ज्यूल्स व्हाइटने दिग्दर्शित केलेला. आवाज नसताना नुसती बडवाबडवी उरली. मामा चहा टाकायला उठले. मीही अडवलं नाही.

चहा घेताना त्यांना 'द रेलरॉडर'बद्दल सांगितलं. १९६५ सालचा, कॅनडाचा. म्हातारा कीटन रुळांवरच्या छोट्या गाडीत बसून अख्खा देश ओलांडतो, अवाक्षर न बोलता.

"किती मिनिटांचा?"

"चोवीस."

"अकरा नि अकरा बावीस," मामांनी बोटांवर मोजलं. "वरच्या दोन मिनिटांसाठी तिसरं रीळ चढवायला लावलं की हो यानं!"