मोटारीचा स्वयंचलित अँटेना

१९८० व १९९० च्या दशकांतील अनेक जर्मन व जपानी मोटारींत रेडिओ सुरू होताच आपोआप वर येणारा जो अँटेना असे, त्याचे मर्म पत्र्याआड दडलेल्या विद्युत्-मोटरीत आणि दांड्याच्या पोकळीतून जाणाऱ्या दातेरी नायलॉनच्या दोरीत आहे. दांडा वाकला किंवा धुळीने अडकला, तरी मोटर जोर लावीतच राहते आणि अखेर दोरी तुटते. म्हणून मोटरीची घरघर ऐकू येत असूनही दांडा जागचा हलत नसेल, तर संपूर्ण संच बदलण्याची शिफारस निमूटपणे मंजूर करू नये, कारण बहुधा दोरीसकट नुसता दांडा बदलल्याने काम निभावते. वरचा नट काढून रेडिओ सुरू केला की मोटर जुनी दोरी बाहेर ढकलते. नव्या दोरीचे दाते आतील चक्राकडे करून ती आत सारावी व रेडिओ बंद करावा, म्हणजे मोटर ती ओढून घेते. तुटका तुकडा आतच राहिला असल्यास मात्र संच उतरवून उघडण्यावाचून इलाज नाही. घरघरही नसेल, तर प्रथम फ्यूज तपासावा. दांडा वरचेवर कोरड्या फडक्याने पुसावा. ग्रीस लावू नये, कारण त्यावर धूळ बसते. मोटार धुण्यास देण्यापूर्वी रेडिओ बंद करण्यास विसरू नये, एवढे वाचकांस आग्रहाचे सांगणे आहे.