लाव्हारसाच्या जोत्यावरील विद्यापीठ

जुन्या धर्मवास्तूचा जीर्णोद्धार करावयाचा म्हणजे तिला नेमक्या कोणत्या काळापर्यंत मागे न्यावयाचे, हा प्रश्न स्थपतीपुढे प्रथम उभा राहतो. आणि सिसिली बेटावरील कातानिया नगरीत सान निकोलो लारेना नावाचा जो बेनेडिक्टिन मठ आज विद्यापीठाच्या मानव्यविद्यांचे निवासस्थान झाला आहे, त्याच्या बाबतीत तर ह्या प्रश्नाला एकच एक उत्तर असणे शक्यच नव्हते.

1558 मध्ये स्थापन झालेल्या ह्या मठाला 1669 साली एटना ज्वालामुखीच्या लाव्हारसाने येऊन वेढले, आणि त्यातून सावरतो न सावरतो तोच 11 जानेवारी 1693 च्या भूकंपात त्याचा बहुतेक भाग कोसळला. तथापि मठवासीयांनी जागा सोडली नाही. थिजून काळा कातळ झालेल्या त्या लाव्हारसालाच जोते मानून त्यांनी अठराव्या शतकात त्यावर मुदपाकखाना उभारला, नवशिष्यांसाठी बाग फुलवली. ज्याने घर गिळू पाहिले त्याच्याच पाठीवर चूल मांडण्याचे हे धैर्य मला त्या वास्तूच्या साऱ्या शिल्पवैभवाहून थोर वाटते. पुढे 1866 मध्ये इटलीच्या नव्या राज्याने धर्मसंघ बरखास्त करून त्यांची मालमत्ता खालसा केली, तेव्हा ह्याच ओवऱ्यांत पलटणींच्या बराकी आल्या, शाळा भरल्या, वेधशाळाही थाटली गेली.

1977 साली नगरपालिकेने ही इमारत विद्यापीठाच्या हवाली केली, आणि जांकार्लो दे कार्लो ह्या विख्यात स्थपतीकडे तिच्या पुनर्योजनेचे काम आले. त्यांनी पहिल्या दिवशीच अखेरचा नकाशा काढून कारागिरांच्या हाती दिला नाही; केवळ दिशा दाखवणारा एक मार्गदर्शक आराखडा आखला, आणि विद्यापीठाच्या तांत्रिक खात्याचे प्रमुख अंतोनिनो लेओनार्दी ह्यांच्या साहचर्याने, भिंत खरवडावी, खाली काय निघते ते पाहावे आणि मग पुढचे ठरवावे, अशा धीम्या रीतीने हे काम वर्षानुवर्षे चालले. उत्खननात रोमन काळातील घरांचे अवशेष निघाले, तेही तिथल्या तिथे जतन झाले. मुदपाकखान्याच्या पोटातील तळघरांत लोखंडाचा लालभडक पूल टांगलेला आहे. तो बेनेडिक्टिनांचा असल्याचा आव आणत नाही, विसाव्या शतकाचा हात तेथे फिरला हे उघडपणे सांगतो. नवे सभागृह दे कार्लो ह्यांनी भूमीखाली नेले, त्यामुळे वरच्या प्राचीन वास्तूची रेषा अबाधित राहिली. जुन्यासारखे दिसणारे नवे बांधून प्रेक्षकाची दिशाभूल करण्यापेक्षा हा प्रामाणिकपणा जुन्या वास्तूचा अधिक मान राखतो, असे माझे मत आहे.

1693 च्या त्याच भूकंपानंतर पुन्हा उभारलेली, आग्नेय सिसिलीतील वाल दि नोतो ह्या प्रदेशाची आठ नगरे 2002 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली, त्यांत कातानियाही आहे.

ज्या दालनांतून मठवासी मूकपणे चालत, तेथे आता तासाची वेळ गाठण्यासाठी विद्यार्थी लगबगीने जातात. शेजारच्या भव्य चर्चच्या दर्शनी भागाचे प्रचंड स्तंभ अठराव्या शतकाच्या अखेरीस अर्ध्यावर राहिले होते. ते अद्याप तसेच, माथ्याविना, उभे आहेत.