वस्तादाविना तालीम

पनवेलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा हार्बर मार्गावरील एकेरी प्रवास सव्वा तासाहून अधिक वेळ घेत असल्याने, त्या मार्गावर रोज जाणाऱ्या-येणाऱ्या नोकरदाराला व्यायामासाठी पहाटेचा किंवा रात्रीच्या जेवणापूर्वीचा अर्धा तास एवढाच अवकाश उरतो. पावसाळ्यात वडाळे तलावाभोवतीची फेरीही बेभरवशाची होते, आणि मग टीपॉय भिंतीशी सरकवून मोकळ्या केलेल्या हॉलमध्ये, फोनवरील चित्रफितीच्या आज्ञेबरहुकूम करावयाचा तीव्र व्यायामक्रम हाच सोयीचा मार्ग वाटू लागतो. या क्रमांचा गाभा बहुधा एकच असतो : काही सेकंद जवळजवळ पूर्ण ताकदीने हालचाल, त्यानंतर अल्प विश्रांती आणि पुन्हा तीच हालचाल. या पद्धतीला तीव्र अंतराल व्यायाम म्हणता येईल.

या पद्धतीच्या प्रसिद्धीमागे १९९६ साली जपानी शास्त्रज्ञ इझुमी ताबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले संशोधन आहे. त्यात जागेवर स्थिर असलेल्या सायकलवर २० सेकंद अतितीव्र श्रम आणि १० सेकंद विश्रांती अशी सात-आठ आवर्तने करून घेतली होती, आणि सहा आठवड्यांत शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता व प्राणवायूच्या पुरवठ्याबाहेरची श्रमक्षमता अशा दोन्ही वाढल्याचे आढळले होते. तथापि ते श्रम करणारे तरुण आधीपासूनच व्यायामाची सवय असलेले होते, ही गोष्ट घरगुती क्रमांच्या जाहिरातीत क्वचितच सांगितली जाते. बर्पी या व्यायामाची कथाही अशीच आहे. बैठक मारून हात जमिनीवर टेकणे, पाय मागे टाकून सूर्यनमस्कारातल्याप्रमाणे देह ताठ करणे, पाय पुन्हा पुढे घेणे आणि उभे राहणे, ही हालचाल अमेरिकेतील रॉयल हडलस्टन बर्पी यांनी १९३० च्या दशकात व्यायाम म्हणून नव्हे, तर शारीरिक क्षमतेची चाचणी म्हणून बसवली, आणि ती केवळ चार वेळा करून आधीच्या व नंतरच्या नाडीची तुलना करावयाची होती. उडीची जोड तिला पुढे मिळाली. चाचणीसाठी चारदा करावयाची गोष्ट नवशिक्याने पहिल्याच दिवशी पन्नास वेळा करावी, अशी अपेक्षा ठेवणारा क्रम मुळातच चुकलेला असतो.

या चुकीची किंमत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते. श्रमानंतर २४ ते ७२ तासांत कमाल पातळीला पोहोचणाऱ्या स्नायुदुखीला बोलीत अंग आंबणे म्हणतात. तिचे कारण लॅक्टिक आम्ल साचणे हे असल्याचा समज रूढ असला, तरी ते आम्ल श्रम थांबल्यावर तासाभरात बहुतांशी निघून जाते. खरे कारण म्हणजे भार पेलत असतानाच स्नायू लांबत गेल्याने त्याच्या तंतूंना होणाऱ्या सूक्ष्म इजा आणि त्यांनंतरचा दाह. बैठकीत खाली जाताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर नेमका असाच ताण येतो, म्हणून दुसऱ्या दिवशी स्टेशनचा पूल चढण्यापेक्षा उतरणे अधिक जड जाते. तोच व्यायाम काही दिवसांनी पुन्हा केल्यास दुखणे पुष्कळ कमी होते, कारण स्नायू त्या विशिष्ट ताणाला जुळवून घेतो. मात्र हे संरक्षण मिळवण्यास पहिली मात्रा थोडीही पुरते. दुखणे असह्य असेल, स्नायू सुजले असतील आणि लघवी गडद तपकिरी होत असेल, तर ती अंग आंबल्याची खूण नसून स्नायू विघटित होऊन मूत्रपिंडांवर आघात होत असल्याची शक्यता असते आणि तत्काळ डॉक्टरांकडे जाणे आवश्यक ठरते.

किनारपट्टीच्या हवेचा हिशेबही यात धरावा लागतो. घाम वाहून गेल्याने नव्हे, तर त्याचे बाष्पीभवन झाल्याने शरीर थंड होते, आणि दमट हवेत बाष्पीभवन मंदावते. त्यामुळे थंड, कोरड्या खोलीत चित्रित केलेल्या क्रमाची गती पनवेलच्या ऑक्टोबरातील बंद हॉलमध्ये हृदयावर अधिक भार टाकते. घामाने ओल्या फरशीवर पाय घसरतो आणि उड्यांचा आवाज खालच्या मजल्यावर जातो, म्हणून चटई अंथरून उडीऐवजी पाय एकेक करून मागे टाकणे, हा बदल कमकुवतपणाचा नव्हे, समजूतदारपणाचा मानला पाहिजे.

जुन्या तालमीत हा समजूतदारपणा वस्तादाकडे असे. पनवेलजवळच्या शिरढोण येथे १८४५ साली जन्मलेले वासुदेव बळवंत फडके पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत तयार झाले, हे या परिसराला ठाऊक आहेच. अशा तालमीत जोर किती, बैठका किती, कोणी कधी थांबायचे, हे करणारा ठरवत नसे. पठ्ठ्याचा दम पाहून वस्ताद ठरवी. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातील शाळांमध्ये सूर्यनमस्कार लागू केले, तेव्हाही घरच्या घरी, साधनाशिवाय करता येणाऱ्या या व्यायामाला शिक्षकाची नजर लाभली. फोनचा पडदा मोजतो, उत्तेजनही देतो, परंतु समोरच्याचा श्वास तुटला आहे हे त्याला दिसत नाही. म्हणून घरी एकट्याने व्यायाम करणाऱ्याला पठ्ठा आणि वस्ताद अशा दोन्ही भूमिका निभवाव्या लागतात, आणि नवशिके बहुधा इच्छाशक्तीअभावी नव्हे, तर ही दुसरी भूमिका कोणी न शिकवल्यामुळे क्रम सोडतात. तिचे सर्वांत सोपे साधन बोलणे हे आहे : मध्यम श्रमात वाक्य बोलता येते पण गाता येत नाही, आणि तीव्र श्रमात दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, एक शब्दही निघत नसेल, तर नवशिक्याने फेरी तिथेच थांबवावी.

पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद प्रामुख्याने मज्जासंस्थेची असते, म्हणजे आहे तेच स्नायुतंतू मेंदू अधिक संख्येने आणि अधिक सुसूत्रपणे कामाला लावतो. आरशात काहीच बदललेले दिसत नसताना जोर मात्र सुबक होऊ लागतात. हा बदल वहीत टिपून ठेवला नाही, तर तो घडल्याचे लक्षातही येत नाही. सवयीबाबत लंडनमध्ये फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडण्याचा मध्यांक ६६ दिवसांचा आढळला, व्यक्तीव्यक्तींतील अंतर १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचे होते, आणि एखादा दिवस चुकल्याने त्या प्रक्रियेत लक्षणीय खंड पडला नाही. गणपतीला कोकणातील गावी गेलेल्याचे आठ-दहा दिवस सहज बुडतात. परतल्यावर तो बहुधा बुडालेले भरून काढण्यासाठी दुप्पट करतो आणि पुन्हा अंग आंबवून घेतो. त्याने पहिल्या दिवशी जाण्यापूर्वीच्या निम्म्या संख्येपासून सुरुवात करावी आणि अंग मोकळे वाटले तरच पुढच्या आठवड्यात जुन्या संख्येवर यावे.