आपोआप गिअर बदलणारी मोटार

अलिबागेहून पेणकडे निघालें कीं वाटेंत कार्लेखिंड लागते. गेल्या पावसाळ्यांत तेथील चढावर आमच्या जांवईबापूंच्या पंधरा वर्षांच्या मोटारीचें इंजिन नुसतें ओरडूं लागलें. चाकें कांहीं वेग घेईनात. एका कारागिरानें डिपस्टिक न काढतांच निदान केलें, "नवा गिअरबॉक्स घाला." खर्चाचा आंकडा ऐकून घरांत मोटार विकण्याची भाषा सुरू झाली.

मीं म्हटलें, आधीं तेल पाहूं. या जातीच्या मोटारींत इंजिनाची शक्ति टॉर्क कन्व्हर्टरमधील तेलाच्या द्वारें पुढें जाते, आणि गिअर धरून ठेवणाऱ्या चकत्याही तेलाच्याच दाबानें आवळल्या जातात. तेल उणें पडलें कीं दाब उतरतो व चकत्या घसरतात. (सन २०१४ मध्यें आलेल्या सेलेरिओसारख्या गाड्यांत नेहमींचाच क्लच यंत्र दाबतें, त्यांना ही परीक्षा लागू नाहीं.)

गाडी तापल्यावर, सपाट जागीं, पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें, बहुधा इंजिन चालू ठेवूनच, तेल पाहावें. काळें व करपट वासाचें तेल म्हणजे चकत्या जळल्या. दुधी गुलाबी असेल तर रेडिएटरचें पाणी आंत शिरलें. अशी गाडी फर्लांगभरही हांकूं नये.

आमचें तेल लालच होतें, पण फार खालीं गेलेलें. तेल थंड करण्यासाठीं नेणारी लोखंडी नळी खाऱ्या हवेनें गंजून पाझरत होती. नळी बदलली, तेल भरलें, गाडी खिंड चढली. मात्र तेलाला किंचित् करपट वास येऊं लागलाच होता. आणखी महिनाभर तशीच हांकली असती, तर त्या कारागिराचें बोलणें खरें ठरलें असतें.